'बोडी फोड' म्हटलं म्हणून

११ ऑगस्ट, आंधळगाव

रोवणी आटोपली आणि पावसाने तोंड फिरवलं. धानाच्या बांध्या कोरड्या पडायला लागल्यात. शेतातल्या वरच्या बोडीत पावसाचं पाणी साठलेलं आहे, खालच्या बोडीतही. गजानन सकाळ-संध्याकाळ तेच विचारतो. "दादा, वरची फोडू का जी?" म्हटलं थांब, आभाळ बघू. एकदा पाळ कापली की बोडी रिकामी, पुढल्या पावसाळ्यापर्यंत नुसता चिखल. म्हणून तर आमच्याकडे थोरल्याच्या तोंडून 'फोड' निघाल्याशिवाय कोणी फावडं लावत नाही. आधी आजोबा म्हणत, मग बाबा. आता मी. धाकटा भाऊ पन्नाशीचा झाला तरी विचारतो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

उद्या विमान. बंगलोरला आमच्या लेकीची, रूपालीची सातव्या महिन्याची ओटी. तिकिटं जावयाने पाठवली. आम्ही दोघंही पहिल्यांदाच बसणार. सौ.ने ओटीचं हिरवं लुगडं चारदा घडी घालून चारदा उलगडलं. विचारते, विमानाची खिडकी उघडते का. म्हटलं उघडते, थुंकायचं असलं तर सांग.

१२ ऑगस्ट

घरीच आहे. गेलो नाही. जाऊ दिलं नाही.

सगळं उद्या लिहितो.

१३ ऑगस्ट

विमानतळावर पंधरा ऑगस्टचा बंदोबस्त. तपासणीची रांग लांब. रांगेतच गजाननचा फोन. ऊन कडक पडलंय, पाणी येत नाही, काय करू? मी जन्मभर मंडप-बिछायतीचा धंदा केला, मांडवाच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडत आलो. हळू बोलणं मला येतच नाही. म्हणालो, "फोड बोडी! आजच फोड. आमचं इमान उडाच्या आंधी फोडून टाक, मंग फोन बंद रायते."

पुढची बाई मागे वळली. चांगली शिकलेली, गळ्यात ऑफिसचा पट्टा. माझ्याकडे बघत बघत रांगेतून बाजूला झाली आणि खाकीवाल्याशी जाऊन बोलली. मला वाटलं, तिला पुढे जायची घाई असेल.

दोघे आले. "किसकी बॉडी? विमान उड़ने से पहले क्या फोड़ना है?"

मी हसलो. तिथेच चुकलं. हसणाऱ्या माणसाचं तिथे काही खरं नाही.

खोलीत नेलं. कपडे काढायला लावले. कमरेचा करदोडासुद्धा ओढून बघितला. त्याचं काही नाही, बघा बापा. बॅग उलटी केली, ओटीचे तांदूळ टेबलावर सांडले, त्याचंही मी काही बोललो नाही. समजावत राहिलो. साहेब, बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, फोडणं म्हणजे त्याची पाळ कापून पाणी धानात सोडणं. साहेब पोरगेलासा, कुठल्या तरी लांबच्या राज्यातला. म्हणाला, "तो तालाब बोलो ना." म्हटलं, आमच्यात तलाव वेगळा, बोडी वेगळी. तर म्हणे, "और तालाब को फोड़ता कौन है?"

मी टेबलावरचे तांदूळ गोळा करायला लागलो.

विमान गेलं. सौ. बाहेर खुर्चीवर, मांडीवर लुगड्याची पिशवी. तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी पोलीस ठाण्यात नेलं. जबाब हिंदीत, विमानतळाच्या साहेबाने आधीच टाइप करून पाठवलेला. "मैंने यह बात मज़ाक में कही थी." सही करा आणि जा. म्हटलं, मजाक केलाच नाही, मी खरंच फोडायला सांगितलं. ठाणेदाराने डोक्याला हात लावला. म्हणाला, मजाक लिहू की धमकी लिहू, दोनातलं एक सांगा. भावाशी शेतीचं बोललो असं लिहा म्हटलं, तर तसं लिहायची सोय नव्हती म्हणे.

सही केली नाही. फोन ठेवून घेतला आणि सोडलं.

गजाननने मात्र दुपारच्या आत पाळ कापली. वरचा धान वाचला.

१४ ऑगस्ट

ओटी काल होऊन गेली. रूपालीच्या शेजारची कोणी कानडी बाई होती, तिने भरली. रूपालीने सौ.च्या फोनवर फोटो पाठवला. सौ.ने एकदाच बघितला, बॅगेतले तांदूळ निवडून डब्यात परत टाकले आणि रडत बसली.

रूपाली फोनवर म्हणाली, "बाबा, तुमी काही तरी बोलले असान नं. उगाच कायले धरतीन?"

पोटची पोर. तिलाही आधी हेच सुचलं.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदनाला माइक आपलाच होता. 'हॅलो, हॅलो' म्हणायला उभा राहिलो तर मागून कोणी तरी, "भाऊ, बॉडी नका फोडू बरं का!" सगळं मैदान हसलं. मीही हसलो, दुसरं काय करणार. पण 'हॅलो'च्या पुढे शब्द निघेना. माइक कामावरच्या पोराच्या हातात दिला.

आता गावात मी 'बॉडीवाले'.

२२ ऑगस्ट

सौ.च्या फोनवर जावयाचा फोन. निखिल स्वभावाने चांगला आहे, आवाज चढवत नाही. त्यामुळे राग काढता येत नाही आणि जास्तच येतो. म्हणे, "मामाजी, समजा त्या बाईनं ऐकलं असतं अन् गप्प बसली असती, अन् बोलणारा खरंच तसा निघाला असता तर? तुमचा एक दिवस गेला, वाईट झालं. पण सगळे सुखरूप उतरले नं?"

म्हटलं, माझ्यामुळे सुखरूप उतरले का? मी बसलो असतो तर पडलं असतं का विमान?

"तसं नाही जी. पण त्याईले कसं माहीत पडणार?"

विचारून! एक फोन आमच्या मोहाडीच्या ठाण्याला लावला असता, कोणत्याही माणसाला विचारलं असतं बोडी काय असते, तर चहा थंड व्हायच्या आत निकाल लागला असता. विचारायची तसदी नको, धरून बसवायला मात्र सगळा दिवस आहे.

निखिल म्हणाला, "सही करून टाका, मामाजी. नाव मोकळं करून घ्या. ऑक्टोबरात यायचं आहे नं तुमाले."

हेच तर आहे. पहिलं बाळंतपण. डॉक्टरने रूपालीला प्रवास बंद केलाय, माहेरी येता येत नाही. म्हणजे आईने जायचं. आणि सौ. एकटी विमानात पाय ठेवणार नाही. केस लटकलेली असताना मला बसू देतील का, हे कोणी सांगायला तयार नाही. ठाणं म्हणतं विमानतळाला विचारा, विमानतळ म्हणतो ठाण्याला विचारा.

३० ऑगस्ट

माझा जुना दोस्त श्रावण आला होता. दारूगोळ्याच्या कारखान्यात सगळी नोकरी केली, आता घरी बसून मला शहाणपण शिकवतो. म्हणे, "आमची तं रोजच्या रोज झडती, गा. जाताना बी, येताना बी. काडीपेटी काढून घेत. मी कधी नाही चिडलो. तू काहून येवढा मनाला लावून घेतलास?"

म्हटलं, श्रावण, तुझी झडती घेणाऱ्याला तुझं नाव माहीत होतं. तू कारखान्यात 'बार उडव' म्हटलंस तर तुला कोणी खोलीत नेत होतं का?

"तितं बार नाही तं काय म्हनतीन?"

तेच मी म्हणतो. खिसे बघा, बूट काढा, करदोडा सोडा, माझी ना नाही. विमानात लेकरंबाळं असतात, मला काय समजत नाही? पण जिभेची झडती? ती पण माझी बोली न समजणाऱ्याने घ्यायची?

श्रावण सुपारी कातरत बसला. उठताना म्हणाला, "तरी पन मी म्हनतो, झडती पायजे." गाढव. पण तोंडावर बोलतो, एवढं बरं.

सौ.चं तिसरंच. "त्या बाईले भ्याव वाटलं, तिनं सांगतलं. मले बी वाटलं असतं." त्या बाईवर माझाही राग नाही. थोडा आहे.

६ सप्टेंबर

मोहाडीहून शिपाई आला चौकशीला. माझ्याकडे नंतर आला. आधी शेजारी, मग किराणा दुकानात, मग सरपंचाकडे. माणूस कसा आहे, कोणाकोणाकडे जातो, कुठल्या मीटिंगा, कोणत्या विचारांचा. इतकी वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाचा मांडव मी घातला. मेलेल्यांच्या तेराव्यालाही माझ्याच सतरंज्या. आणि आज मी कसा आहे हे गाव एका शिपायाला सांगून राहिलं!

पाणी दिलं, चहा दिला. बोलता बोलता कळलं, पवनीकडचा आहे, घरी धानाचीच शेती. मला आशा वाटली. म्हटलं, दादा, मग तुम्हाला तर माहीत आहे बोडी फोडणं म्हणजे काय.

"मालूम हाये नं जी. आमच्या घरी बी हाये बोडी. आमी बी फोडतो."

मग तेवढं लिहा ना, म्हटलं.

"मले ते लिहाले नाही सांगतलं. तुमची वागणूक कशी, येवढंच लिहाले सांगतलं." वागणूक चांगली लिहितो म्हणाला. गाडीवर बसताना वर सांगून गेला, "सही करून टाका जी, कायले उगाच ताणता."

ज्याला कळत नव्हतं त्याने धरलं. ज्याला कळतं त्याला लिहायची परवानगी नाही.

१७ सप्टेंबर

शिपाई येऊन गेल्यापासून दुकानात माणसं येतात, बोलतात, पण मी मध्ये काही म्हटलं की क्षणभर थांबतात. मला तसं वाटतं की खरंच थांबतात, कळत नाही. एका लग्नाच्या बैठकीत कोणी सरकारवर बोललं. पूर्वी मी सगळ्यांच्या वरताण बोललो असतो. काल पानाला चुना लावत बसलो.

२१ सप्टेंबर

रूपालीचं बी.पी. वाढलं. दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, वेळेच्या आधीही होऊ शकतं, आईवडील तयार असू द्या. वरठीहून रेल्वेने जायचं तर रात्र आणि दिवस मोडतो, तिकीट मिळेल तेव्हा. सौ.ने दुपटी-टोपरी पिशवीत भरून दाराशी ठेवली. नुसती माझ्याकडे बघते. बोलली असती तर भांडलो तरी असतो.

२३ सप्टेंबर

सही केली.

"मैंने यह बात मज़ाक में कही थी. मुझे इसका खेद है. आगे ऐसा नहीं होगा." ठाणेदाराने हात मिळवला, म्हणाला, बघा, किती सोपं होतं. फोन परत दिला.

खोटं लिहून दिलं तेव्हा मी खरा माणूस ठरलो. खरं बोलत होतो तोपर्यंत संशयित.

बाहेर निघाल्यावर टपरीवर चहा घेतला. गोड लागला नाही.

४ ऑक्टोबर

उशिराचा भारी धान निसवायला लागला, लोंब्या बाहेर पडताहेत. आता त्याला खालचं पाणी लागेल, नाहीतर पाऊस. आभाळ रोज येतं आणि रोज जातं. दोन दिवस पाऊस झाला तर ते वाचेल, धानामागून पेरायच्या लाखोळीला ओल राहील. गजाननला म्हटलं, खालचं पाणी अजून राहू दे.

"खालचं पाणी म्हंजे? बोडी म्हणता का?"

हो, तेच.

सौ. चुलीजवळून, "बोडी म्हणाले काय होते? घरात बी कोणी आयकून राहिलं का?"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कधीपासून 'तो' शब्द टाळतोय कोण जाणे. आंघोळ करतानासुद्धा मनात 'खालचं पाणी'च आलं. त्या दिवशी कपडे उतरवले त्याहून आज जास्त लाज वाटली.

१२ ऑक्टोबर

रूपालीचं बी.पी. औषधाने आटोक्यात राहिलं म्हणून इतके दिवस थांबता आलं. आता परवा घेणार, सिझर. आमचं विमान परवा सकाळचं. आभाळाचा अजून निकाल नाही, म्हणून बोडीचं आज सांगू शकत नाही. म्हणजे गजाननचा फोन नेमका तिथे येणार. म्हणून ठरवलं, फोनवर 'बोडी' म्हणायचं नाही, 'फोड' म्हणायचं नाही. मी 'मांडव टाक' म्हणालो की त्याने पाळ कापायची.

गजाननला गळी उतरेना. "आपल्याच पाण्यासाठी असं चोरावानी कायले बोलाचं जी?"

बरोबर विचारलं त्याने. ऑगस्टात मी साधा शेतकरी होतो, जे बोललो त्याचा तोच अर्थ होता. आता मी एक अर्थ ठेवून दुसरं बोलणारा माणूस झालोय. खुणेचे शब्द ठरवतोय. हे लोक ज्यांना शोधतात ते असंच करतात ना? मला तसं करून टाकलं त्यांनी.

गजाननने मान हलवली. पण 'बरं' म्हणाला नाही.

१४ ऑक्टोबर, विमानतळ

वही सोबत आणली ते बरं झालं. बाकावर बसून लिहितोय. दुसरं करण्यासारखं काही नाही.

सकाळी रांगेत सौ. पुढे, मी मागे. तिच्या पिशवीत बाळाची दुपटी, टोपरं, बाळंतविडा. फोन आला. मी कानाला घट्ट दाबून धरला, पण गजाननचा आवाजही माझ्याच घराण्यातला.

"दादा, आभाळ फाकलं. आता काही येत नाही पाणी. लोंब्या वाळून राहिल्या. सांगा."

म्हटलं, मांडव टाक.

तो म्हणे, "असं नका म्हणू जी. वर्साचं पाणी हाये. बाबा म्हणत तसं म्हणा."

मांडव टाक म्हटलं ना.

"मांडव म्हणाले का पाणी सुटते का जी? मी फावडं घेऊन पाळीवर उभा हावो. तुमच्या तोंडून आयकल्याबिगर माह्या हात नाही चालत, दादा. एकदा म्हणा."

समोर खाकी उभी. वर कॅमेरा. मागच्या माणसाने कानातला इअरफोन काढून माझ्याकडे बघितलं. शब्द तोंडात होता, अगदी दातांशी होता. आजोबांचा, बाबांचा शब्द. मी घसा खाकरला आणि म्हणालो, मग सांगतो.

सौ.ने मागे वळून माझ्या हातातून फोन घेतला. घेतला म्हणजे ओढलाच. "भाऊजी, बोडी फोडा! मी म्हणून राहिली. फोडा बोडी, धान मरून राहिला तं कोणाची वाट पायता?"

तिकडून, "वयनी, दादा म्हणते का?"

"मी म्हणते, पुरे झालं!"

माझ्यापेक्षा मोठा आवाज. इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

रांग थांबली. खाकीवाला आला. या वेळचा वयाने मोठा, नीट बोलणारा. "मॅडम, आप ज़रा इधर आइए." सौ. फोन माझ्या हातात कोंबून पिशवी घेऊन गेली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मी शब्द बोललो असतो तर आज मी आत असतो आणि ती, घाबरत का होईना, विमानात. रूपालीला दुपारी घेणार आहेत.

मी मागे धावलो. साहेब, तिची चूक नाही. बोडी म्हणजे शेतातलं तळं, पाळ कापून पाणी सोडतात, खरंच सांगतो. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. नाव विचारलं, कॉम्प्युटरमध्ये टाकलं. बराच वेळ वाचत होता. मग चष्मा काढला.

"आपने तो पिछली बार लिखके दिया है कि मज़ाक था. तालाब की तो इसमें कोई बात ही नहीं. तो भाईसाब, झूठ तब बोला था या अब बोल रहे हैं?"

सही माझीच. दाखवली मला.

तेव्हा खोटं बोललो म्हणावं, तर पोलिसांना खोटा जबाब दिला असं होतं. आता खोटं बोलतोय म्हणावं, तर सौ. अडकते. साहेब म्हणाला, सोच लीजिए, आणि मला या बाकावर बसवून गेला.

काचेतून सौ. दिसते. टेबलापलीकडे दोघी खाकीतल्या पोरी. सौ. उभी राहून त्यांना हातवारे करून काही दाखवतेय. दोन्ही हातांनी फावडं मारल्यासारखं करते, मग पाणी वाहत गेल्यासारखा हात लांब नेते. एक पोरगी लक्ष देऊन बघतेय. दुसरी लिहितेय.

गजाननचा फोन येऊन गेला. पाणी लागलं म्हणे बांधीला, चांगलं चालून राहिलं. नंतर निखिलचा वाजला. उचलला नाही. कुठवर आले विचारेल.

आमच्या विमानाची शेवटची हाक झाली. साहेब परत येतोय. हातात तोच कागद.

"हाँ, तो सोचा कुछ?"